घरचें खरकटें, चुलीचा गॅस आणि हवेवरील बोजा

आपल्या संघाच्या गेल्या सभेंत एक योजना पुढें आली. जवळच्या शहरांतील घराघरांतला ओला कचरा ट्रॉल्यांतून गांवीं आणावा, त्याचा गॅस करावा, आणि उरलेली मळी सभासदांच्या शेतांस द्यावी, अशी ती योजना होती. एक पक्ष म्हणाला, कचऱ्याचें सोनें होईल व हवाहि शुद्ध राहील. दुसरा म्हणाला, शहराची घाण आमच्या पदरीं कशास? दोन्ही पक्षांस टाळ्या पडल्या, परंतु आंकडा कोणीच सांगितला नाहीं. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि नोकरीचीं वर्षें महसूल कचेरींत कीर्द-खतावणी लिहिण्यांत गेलीं. जमा व नांवें हे दोन्ही रकाने भरल्याशिवाय बाकी काढूं नये, एवढें एकच शास्त्र आम्हांस येतें. तेंच या प्रश्नास लावून पाहिलें, आणि निघालेली बाकी वाचकांपुढें ठेवीत आहों.

जमिनीवर कर्ज काढलें म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावर बोजा चढतो. तसाच प्रत्येक धंद्याचा हवा, पाणी व जमीन यांवर बोजा चढत असतो. उताऱ्यावरील बोजा डोळ्यांस दिसतो. हवेवरील दिसत नाहीं, म्हणून तो नाहींच असें आपण समजतों. कचऱ्यापासून केलेला गॅस शुद्ध व फुकट, ही समजूत अशीच एकच रकाना वाचून झालेली आहे.

१. गॅस कसा निघतो

उष्टें अन्न, भाजीचीं देठें, फळांच्या साली, शिळी भाकरी हीं हवा न लागतां ओलाव्यांत ठेविलीं, म्हणजे सूक्ष्म जंतु त्यांचें विघटन करूं लागतात. एका जातीचे जंतु त्यांचीं आम्लें करितात, दुसऱ्या जातीचे त्या आम्लांचा वायु करितात. या वायूच्या दहा भागांपैकीं सुमारें सहा भाग मिथेन व चार भाग कार्बन डाय-ऑक्साइड असतो. या दुसऱ्या वायूस आम्ही पुढें कर्बवायु म्हणूं. यांशिवाय कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडहि किंचित् असतो. शेगडीवर जळतो तो मिथेन. पहिले जंतु चपळ व दुसरे मंद, म्हणून एकदम पाटीभर शिळा भात टांकींत ओतला तर आम्ल वाढून टांकी आंबते व गॅस बंद पडतो. बैलानें एकदम फार धान्य खाल्लें तर त्याचें पोट बिघडतें, तशांतलाच हा प्रकार आहे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईंत माटुंगा येथील कुष्ठधामांत १८९७ सालीं मैल्यापासून निघणारा वायु दिव्यांसाठीं वापरीत. पुढें खादी व ग्रामोद्योग आयोगानें तरंगत्या टोपाचें संयंत्र खेडोपाडीं नेलें. १९८४ सालीं दीनबंधु नांवाचें विटांच्या घुमटाचें स्वस्त संयंत्र निघालें. शेणाऐवजीं खरकट्यावर चालणारें लहान संयंत्र पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेनें सिद्ध केलें, व त्यासाठीं २००६ सालीं त्या संस्थेस ॲश्डेन पारितोषिक मिळालें.

२. जमेची बाजू

पहिली जमा इंधनाची. एलपीजी हा भूगर्भांतील तेलापासून व वायूपासून होतो, आणि आपल्या देशास लागणाऱ्या एलपीजीपैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतो. तो एक किलो जाळला म्हणजे सुमारें तीन किलो कर्बवायु हवेंत नव्यानें भर पडतो. भाजीपाल्याचा गॅस जाळला तरी कर्बवायु निघतोच, परंतु तो त्याच झाडानें गेल्या हंगामांत हवेंतून घेतलेला असतो. घेतलें तें परत केलें, म्हणून त्याचा नवा बोजा धरीत नाहींत.

किती गॅस मिळतो तें पाहूं. सुमारें २५ किलो शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. तितकाच गॅस स्वयंपाकघरांतील ओल्या कचऱ्याच्या सुमारें १० किलोंत मिळतो, कारण जनावरानें त्यांतील सत्त्व आधीं काढून घेतलेलें नसतें. भात, पीठ यांपासून अधिक व सालींपासून कमी, असें त्यांत उणें-अधिक होतें. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारणपणें ४५० ग्रॅम एलपीजीचें काम. अर्थात् प्रत्येक घनमीटरामागें १.३५ किलो कर्बवायूची जमा झाली.

आतां एका घराचा हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालांत भारतांतील घरांत वायां जाणारें अन्न दरडोई वर्षास सुमारें ५५ किलो धरलें आहे. पांच माणसांच्या कुटुंबाचें २७५ किलो झालें. त्याचा गॅस साडेसत्तावीस घनमीटर, म्हणजे सुमारें १२ किलो एलपीजी. एक सिलिंडर १४.२ किलोंचा असतो. वर्षभराच्या खरकट्यानें एक सिलिंडरहि पुरा वांचत नाहीं! उलट दोन जनावरांचें मिळून रोज २० किलो शेण धरलें, तर वर्षाचे नऊ सिलिंडर वांचतात. तेव्हां शेतकऱ्याच्या घरीं खरकटें हें तोंडीलावणें आहे, जेवण नव्हे. नुसत्या खरकट्यासाठीं टांकी बांधण्यास कोणी सांगूं लागला, तर हा आंकडा त्यास दाखवावा.

दुसरी जमा मळीची. कुजण्याच्या क्रियेंत कर्ब वायुरूपानें निघून जातो, परंतु नत्र, स्फुरद व पालाश बहुतेक मळींत राहतात, आणि नत्राचा कांहीं भाग पिकास लवकर लागू पडेल अशा रूपांत येतो. युरिया करण्यास कारखान्यांत नैसर्गिक वायु खर्च होतो. मळीमुळें युरियाचें एक पोतें जरी कमी लागलें, तरी तेवढा बोजा उतरला.

तिसरी जमा टळलेल्या कुजण्याची, आणि येथेंच हिशेब फसतो. शहराबाहेरील उंच ढिगांत हवा शिरत नाहीं. तेथें ओल्या कचऱ्याचा आपोआप मिथेन होतो, आणि तो जाळण्यास तेथें शेगडी नसते. मुंबईच्या देवनार येथील कचऱ्याच्या डोंगरास २०१६ सालीं आग लागून शहरभर धूर पसरला, तें पुष्कळांस स्मरत असेल. असा कचरा ढिगाऐवजीं टांकींत गेला, तर ही जमा मोठी. परंतु खेड्यांत भाकरीचा तुकडा, भाजीचा पाला व भाताचें धुवण गाईम्हशींच्या आंबोणांत जातें. तें तेथून काढून टांकींत घातलें तर टळलें काय? कांहींच नाहीं. उलट तेवढी पेंड विकत आणावी लागली, तर ती रक्कम नांवें पडेल.

३. नांवें बाजू

टांकी बांधावयास सिमेंट, विटा व लोखंड लागतें. एक किलो सिमेंट तयार होतांना पाऊण किलोच्या आसपास कर्बवायु निघतो. वीस पोतीं सिमेंट धरलें तर वजन एक हजार किलो, व बोजा ७५० किलो. दोन घनमीटरांची टांकी नीट चालली, तर रोज २.७ किलोंची जमा करिते. म्हणजे सिमेंटचें देणें नऊ-दहा महिन्यांत, आणि विटांचें धरून दीड-दोन वर्षांत फिटतें. हें कर्ज एकदांचें आहे, त्याची भीति नाहीं.

दुसरा खर्च पाण्याचा. शेणाइतकेंच पाणी घालावें लागतें. ज्या तालुक्यांत वैशाखांत टँकर येतो, तेथें रोजचे वीस-पंचवीस लिटर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मळी निथळून निघालेलें पाणी पुन्हां वापरल्यानें हा खर्च बराच कमी होतो.

तिसरा व सर्वांत मोठा खर्च गळतीचा. मिथेन जळला तर उपकारक, न जळतां सुटला तर अपायकारक. शंभर वर्षांच्या मुदतीचा हिशेब केला असतां एक किलो मिथेन हवा तापविण्याच्या कामीं सुमारें २७ किलो कर्बवायूच्या बरोबरीचा ठरतो, आणि वीस वर्षांच्या मुदतीनें पाहिलें तर सुमारें ८० किलोंच्या बरोबरीचा. एक घनमीटर गॅसांत सुमारें ४०० ग्रॅम मिथेन असतो. त्यावरून खालील ताळेबंद निघतो, तो वाचकांनीं स्वतः मांडून पाहावा.

शेंकडा ५ गॅस गळाला, तर २० ग्रॅम मिथेन सुटला. त्याचा बोजा अर्धा किलोहून किंचित् अधिक. एलपीजीची बचत १.२८ किलो. पाऊण किलो शिल्लक राहिली.

शेंकडा १० गळाला, तर बोजा १.०८ किलो व बचत १.२२ किलो. हातीं नांवापुरती शिल्लक.

शेंकडा २० गळाला, तर बोजा २.१६ किलो व बचत १.०८ किलो. जेवढें मिळविलें त्याच्या दुप्पट घालविलें.

सारांश, दहांतील एक भाग गळाला कीं सगळी मेहनत फुकट, आणि त्यापुढें प्रत्येक भाग कर्जाचा. वीस वर्षांच्या मुदतीनें पाहिलें, तर पंचविसांतील एक भाग गळतांच शिल्लक संपते.

४. आमच्या घरची वही

हें आम्ही परक्याच्या टांकीविषयीं लिहीत नाहीं. आमच्या गोठ्यामागें दोन घनमीटरांची घुमटाची टांकी आहे. ती बांधली त्या वर्षीं आम्हीं आल्यागेल्यास ती मोठ्या अभिमानानें दाखविली. आमच्या घरानें हवेवरील बोजा उतरविला, असेंहि सांगत होतों. एके दिवशीं सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, शेगडी पूर्वीपेक्षां लवकर विझते, आणि टांकीजवळ वास मात्र नेहमींच येतो." आम्हीं प्रथम तिकडे दुर्लक्ष केलें. मग मनांत आलें कीं, लोकांच्या शेताची पीकपाहणी वर्षानुवर्षें उतरून घेणाऱ्यानें स्वतःच्या टांकीची एकदांहि पाहणी करूं नये, हें बरें नव्हे.

त्या दिवसापासून वही घातली. रोज टांकींत जाणारें शेण व खरकटें तोलावयाचें, आणि शेगडी किती वेळ चालली तें घड्याळ पाहून लिहावयाचें. सरासरी शेण ४५ किलो व खरकटें दोन किलो. त्याचा गॅस दोन घनमीटर यावयास पाहिजे. आमची शेगडी तासास ०.४५ घनमीटर गॅस घेते, म्हणजे ती सुमारें साडेचार तास चालावयास हवी. ती चालत होती साडेतीन तास. दिवस चैत्राचे, तेव्हां थंडीचें निमित्त सांगावयास जागा नव्हती. पांचवा हिस्सा बेपत्ता होता.

साबणाचें पाणी घेऊन नळीचा एकेक सांधा तपासला. घुमटांतून नळी बाहेर येते त्याच ठिकाणीं फुगे आले. दुसरी वाट दुपारीं सांपडली. सकाळच्या स्वयंपाकानंतर सायंकाळपर्यंत शेगडी पेटत नसे. घुमट भरला कीं जादा गॅस मळीच्या निकासाकडील तोंडातून बुडबुड्यांनीं निघून जाई. आम्ही ते बुडबुडे रोज पाहत होतों, आणि टांकी जोमांत आहे असें समजत होतों! हिशेब मांडला तेव्हां रोज सव्वादोन किलोंची तूट निघाली, वर्षाची सुमारें आठशें किलो. शेणाचा उघडा ढीगहि थोडा मिथेन सोडतोच, त्याची सूट आम्हीं धरलेली नाहीं. ती धरून तूट कांहींशी कमी होईल, तरीहि ज्या गोष्टीबद्दल आम्ही धन्यवाद घेत होतों तींत आम्ही देणेकरी होतों, हें खरें. यांत बांधणाऱ्या गवंड्याचा दोष फारसा नाहीं. वर्षभर न तपासणारे आम्हीच.

सांधा नवा बसविला. जनावरांचें आंबोण शिजविण्याचें काम दुपारीं लावून दिलें, त्यामुळें घुमट भरून वाहत नाहीं. आतां शेगडी सव्वाचार तास चालते, आणि रोज दीड किलोंच्या वर शिल्लक पडते. खर्च झाला तो थोड्या नळीचा व एका वहीचा.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या घरीं अजून लाकडें व गोवऱ्यांची चूल आहे, तेथें गॅसामुळें बायकांचे डोळे व छाती धुरापासून वांचतात. ही जमा वरील ताळेबंदांत आलेली नाहीं, आणि ती किलोंत मोजतांहि येणार नाहीं.

५. शहराच्या कचऱ्याविषयीं

आतां सभेंतील प्रश्नाकडे वळूं. वाहतुकीच्या डिझेलनेंच ही योजना बुडेल, असें आमचें प्रथम मत होतें. हिशेबानें तें चुकीचें ठरलें. वीस किलोमीटरांवरून तीन टन कचरा आणण्यास जातां-येतां दहा लिटर डिझेल धरलें, तर २७ किलो कर्बवायु झाला. त्या तीन टनांचा गॅस ३०० घनमीटर, व त्याची जमा ४०५ किलो. वाहतुकीचा खर्च जमेच्या पंधराव्या हिश्शाइतका, तो सोसण्यासारखा आहे. परंतु त्याच गॅसाचा दहावा भाग गळाला, तर ३२४ किलोंचा बोजा पडतो. शिवाय हा कचरा एरवीं उंच ढिगांत जाणारा, म्हणून टळलेल्या कुजण्याची जमा येथें खरोखर धरतां येते. हवेपुरतें पाहिलें तर ही योजना चांगली आहे, मात्र टांकी घट्ट पाहिजे.

अडचण हवेची नाहीं, जमिनीची आहे. शहरच्या कचऱ्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, कांचेचे तुकडे, औषधांच्या पट्ट्या, विजेरीचे सेल येतात. टांकी त्यांस पचवीत नाहीं. तीं मळीबरोबर शेतांत उतरतात. खरकट्यांत मीठहि असतें, आणि ज्यांच्या जमिनी आधींच खारवट अथवा चोपण आहेत, त्यांनीं अशी मळी तपासल्यावांचून घेऊं नये. कचरा घरींच ओला व सुका वेगळा करावा, असें २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं सांगितलें होतें. इंदूर शहरानें ही शिस्त घराघरांत लावली, म्हणूनच तेथें फेब्रुवारी २०२२ मध्यें दररोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा व १७,००० किलो गॅसाच्या क्षमतेचा कारखाना उघडतां आला. वेगळा करण्याचें काम शहराच्या उंबऱ्याच्या आंत झालें, तरच तें होतें. गांवांत आल्यावर तें निस्तरणें आपल्या मजुरांच्या हातांनीं होणार.

म्हणून योजना नाकारूं नये, परंतु करार केल्याशिवाय स्वीकारूंहि नये, असें आमचें मत आहे. करारांत निदान चार कलमें असावींत. घरींच वेगळा केलेला कचराच उतरून घ्यावा. मिसळलेली ट्रॉली शहराच्या खर्चानें परत जावी. मळीची तपासणी प्रत्येक हंगामापूर्वीं माती-परीक्षण प्रयोगशाळेंत व्हावी. टांकीची गळती व जमाखर्चाची वही पाहण्याचा अधिकार संघाच्या सभासदांस असावा. हीं कलमें ज्यास जड वाटतील, त्याची योजना आपणांस जड जाईल.

६. घरच्या टांकीसाठीं कांहीं नियम

जनावरानें खाण्यासारखें जें असेल तें आधीं जनावरास द्यावें. उरेल तें बारीक करून, रोज थोडें थोडें, शेणाच्या जोडीनें टांकींत घालावें.

महिन्यांतून एकदां प्रत्येक सांध्यास साबणाचें पाणी लावावें. रात्रीं झडप बंद करून दाबमापक नळींतील पाण्याची खूण लिहून ठेवावी. सकाळपर्यंत पाणी चढलें नाहीं, तर गळती शोधावी.

गॅस साठवून ठेवूं नये, निघेल तसा जाळावा. गांवास जावयाचें असेल, तर दोन दिवस आधीं टांकींत घालणें कमी करावें.

मळी उघड्या खड्ड्यांत तुंबवूं नये, तेथेंहि ती मिथेन सोडीत राहते व नत्र उडून जातो. सायंकाळीं अथवा पाण्याच्या पाटाबरोबर ती शेतांत द्यावी, व लगेच मातीआड करावी.

शेवटीं एवढेंच. आज सुटलेला मिथेन बहुतेक बारा-पंधरा वर्षांत हवेंतून नाहींसा होतो, म्हणजे आजची चूक आपण आपल्याच हयातींत दुरुस्त करूं शकतों. जमिनींत पुरलेलें प्लास्टिक मात्र नातवाच्या उताऱ्यावरूनहि उतरत नाहीं. पुढील सभेंत मत देण्यापूर्वीं हे दोन्ही बोजे सभासदांनीं नजरेसमोर ठेवावेत, आणि ज्यांच्या घरीं टांकी आहे त्यांनीं सभेस येतांना आपली एका महिन्याची वही बरोबर आणावी. आमची आम्ही आणूं.